पगारपत्रकातला पणजोबा

श्राद्धात नावं लागतात ती तीन पिढ्यांची: बाप, आजा, पणजा. बहुतेक घरांची आठवणही तिथंच संपते. त्यामागचं नाव हवं तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. पण तिथं नोंद यात्रेला आलेल्याची. लढाईवर गेलेल्याचं नाव राहिलं ते पगार देणाऱ्याच्या दप्तरी.

पुण्याचं पेशवे दफ्तर हे अशा नावांचं जुनं आगर. मोडी कागदांच्या हजारो रुमालांत सरंजामाचे, पथकांचे हिशेब आहेत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी ते जपले, कारण कुणाचं इनाम खरं नि कुणाचं बनावट, हे त्यांना ठरवायचं होतं. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनला त्यासाठी अधिकार मिळाले. पुढं 1910 मध्ये इतिहासकार राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, घराण्यांचे कुलवृत्तांत छापले जाऊ लागले, तेव्हा असलेच कागद कामी आले. मात्र त्यांत सरदार ठळक दिसतो. त्याच्या पथकातला बारगीर, म्हणजे साधा स्वार, बहुधा आकड्यात जमा.

साध्या शिपायांची नावं दगडावर आली ती कोरेगाव भीमाच्या स्तंभावर. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांच्या त्या यादीत ‘नाक’ने संपणारी नावं आहेत आणि त्यांवरून महार शिपाई ओळखू येतात.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. या मोहिमेत पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली, हिंदी शिपायांची नुसती संख्या. नावं नोंदवहीत राहिली. 1917 मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाच्या या नोंदी आज घरबसल्या पाहता येतात: शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, पुष्कळदा बापाचं नाव, गाव, जिल्हा. नावं इंग्रजी लिपीत उतरताना पार बदललेली असतात, म्हणून आडनावावर अडून न बसता बापाचं नाव आणि गाव धरून शोधावं.

या नोंदीपासून आजच्या घरापर्यंतचा धागा निधनवार्तेत सापडतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ या साच्यातल्या दोन ओळींत एका घराच्या दोन-तीन पिढ्या येतात. मूळ गाव दिलं असेल तर निम्मं काम झालंच. पण मुली नुसत्या मोजल्या जातात आणि सासरचं आडनाव गाळलं की ती शाखा तिथंच तुटते.

तेव्हा पूर्वज शोधणाऱ्याने आधी विचारावं, त्याला पैसे कोण देत होतं? घरात पेन्शनचा कागद असेल तर तो जपावा. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरावी. क्रमांक, नाव आणि पलटण तिथं ठोकलेली असते. मोडीत घालण्याआधी एवढं तरी उतरवून घ्यावं.