पीटीएच चाचणी (डायलिसिसवरील रुग्णांची)

परावटू ग्रंथींच्या हॉर्मोनचे (पीटीएच) रक्तातील प्रमाण मोजणारी चाचणी. मूत्रपिंडे निकामी झाली की फॉस्फरस साचतो, ड जीवनसत्त्व कार्यक्षम रूपात येत नाही आणि कॅल्शियम घटते. ते सावरण्यासाठी गळ्यातील या (सहसा चार) ग्रंथी जास्त हॉर्मोन स्रवतात व हाडांतून कॅल्शियम ओढतात. हाडे ठिसूळ होतात. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठू लागते.

नमुना : अहवालाची विश्वासार्हता येथेच ठरते, तरी याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. रक्त डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावे, कारण यंत्रातील द्रवाच्या कॅल्शियममुळे पीटीएच बदलते. जांभळ्या झाकणाच्या, ईडीटीए असलेल्या नळीत ते अधिक टिकते. मात्र त्याच नळीतून कॅल्शियम मोजता येत नाही, त्यासाठी दुसरी नळी लागते. बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास काही पद्धतींत आकडा खोटा कमी येतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे जुळत नाहीत. म्हणून रुग्णाने प्रयोगशाळा बदलू नये. काल्हेरसारख्या ठाणे–भिवंडी रस्त्यावरील गावातून नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाणार असेल, तर त्या रस्त्यावरची कोंडी धरूनच तो थंड ठेवून पाठवावा.

लक्ष्य : निरोगी व्यक्तीत साधारण १० ते ६५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. डायलिसिसवरील रुग्णांसाठी अमेरिकी मार्गदर्शिकेने २००३ मध्ये १५० ते ३०० ही मर्यादा सांगितली. २००९ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ती निरोगी कमाल मर्यादेच्या २ ते ९ पट इतकी सैल केली. एका आकड्यापेक्षा चढता-उतरता कल महत्त्वाचा. तपासणी ३ ते ६ महिन्यांनी.

आयुर्मान : अमेरिकेतील ४०,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित २००४ च्या अभ्यासात पीटीएच ६०० वा अधिक असलेल्यांत मृत्यूचा धोका वाढलेला आढळला, वाढलेल्या फॉस्फरसचा संबंध त्याहून ठळक होता. फार कमी पीटीएचही काही अभ्यासांत धोक्याशी जोडले गेले आहे, परंतु कुपोषण व दाह असलेल्यांतही ते कमी असते. त्यामुळे ते कारण की केवळ खूण, यावर मतभेद आहेत. पीटीएच उतरवणाऱ्या सिनाकॅल्सेटच्या ३,८८३ रुग्णांवरील चाचणीत (२०१२) मृत्यू वा हृदयविकाराच्या मोठ्या घटनांत मुख्य विश्लेषणानुसार लक्षणीय घट सिद्ध झाली नाही. आकडा खाली आला म्हणजे आयुष्य वाढले, असे रुग्णाला सांगणे म्हणूनच योग्य नाही.

उपचार : आहारातील फॉस्फरसवर नियंत्रण, फॉस्फरस बांधणारी औषधे, ड जीवनसत्त्वाची कार्यक्षम रूपे, सिनाकॅल्सेट; क्वचित शस्त्रक्रिया.