गव्हाच्या कोंबाची साक्ष

होमिओपॅथीच्या वादात कोणी ‘हा मनाचा खेळ’ म्हटले की समोरून हमखास विचारले जाते : मग झाडांचे काय? रोपाला मन नाही, डॉक्टरवर श्रद्धा नाही, साबुदाण्याएवढ्या गोड गोळीचे अप्रूप नाही. त्याला गुण आला, तर औषध खरेच!

हा पूर्वपक्ष अगदी हवेतला नाही. इटलीत बोलोन्या विद्यापीठात लुचिएत्ता बेत्ती आणि सहकाऱ्यांनी गव्हाच्या दाण्यांना सोमलाची बाधा केली आणि सोमलापासूनच बनवलेले आर्सेनिकम अल्बम ४५एक्स त्यांना दिले. कोंबांची लांबी २४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आपल्याकडे २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने घरोघरी गेलेल्या गोळ्यांचे नावही हेच, पोटन्सी (म्हणजे किती वेळा पातळ केले ती पायरी) वेगळी.

आता ४५एक्स म्हणजे काय ते पाहू. एक भाग औषध, नऊ भाग पाणी, जोरात हलवायचे. असे ४५ वेळा. एका मोलमध्ये रेणू असतात सुमारे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात. म्हणजे मोलभर सोमल घेऊन सुरुवात केली, तरी २४व्या पायरीच्या आसपास शेवटचा रेणू संपतो. पुढच्या वीसेक पायऱ्यांत पाण्यात पाणीच मिसळले जाते. अल्प मात्रेत विषही वाढीला चालना देते, हे समर्थन इथे लागू पडत नाही. अल्प मात्रा असायला मात्रा तरी हवी.

पण गणित बाजूला ठेवू आणि प्रयोगाचीच साक्ष घेऊ. श्रद्धा रोपाला नसली, तरी कोंब मोजणाऱ्याला असू शकते. सात दिवसांचा कोंब सरळ क्वचितच असतो. तो किती ताणून पट्टीला लावायचा, याचा निर्णय हात करतो. दाणे रुजवण्याच्या पेटीत कोपऱ्यातली बशी मधल्या बशीपेक्षा लवकर सुकते. सगळे दाणे एका दमाचे नसतात. म्हणून कोणत्या बशीत औषध आणि कोणत्या बशीत पाणी, हे मोजणाऱ्यापासून लपवावे लागते, बशा चिठ्ठ्या टाकून मांडाव्या लागतात आणि प्रयोग दुसऱ्या हातांनी करून पाहावा लागतो. मन नसणे ही फक्त एका चुकीपासूनची सुटका आहे.

दुसऱ्या हातांनी प्रयोग झालाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे स्टेफान बाउमगार्टनर यांच्यासह काम करणाऱ्या गटाने २००५ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ही मंडळी होमिओपॅथीचे वैरी नव्हेत, त्या संशोधनातलीच. त्यांच्या प्रयोगात निकालांतली चढउतार मूळ प्रयोगापेक्षा बरीच कमी होती. फरक याही वेळी दिसला, पण उलटा : कोंब ३.२ टक्क्यांनी आखूड!

समर्थक म्हणतात, फरक दिसला ना, मग काहीतरी आहेच. वाढला तरी गुण आणि खुंटला तरी गुण, असे ठरवले तर पाणी कधीच हरणार नाही. त्याच विषाने बाधित त्याच धान्यावर तेच औषध एकदा वाढ करते आणि एकदा घट, तेव्हा ते औषधाचे लक्षण नसून गोंगाटाचे लक्षण ठरते.

गहू स्वस्त आहे, आठवड्यात उगवतो, कोणाच्या जिवाला धोका नाही. प्रयोग जरूर करावेत. फक्त दाणे भिजवण्याआधी वहीत एक ओळ लिहून सही करावी : कोंब वाढणार की खुंटणार.