धुक्याच्या खालचा किल्ला

केबिनच्या टेबलावर मालकिणीने एक लॅमिनेट केलेली यादी ठेवली होती. एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं. जेनर गावाशी, रशियन नदीच्या मुखावर सील बघा. आर्मस्ट्राँगच्या राईत रेडवुडची झाडं बघा. बोडेगा हेडवरून देवमासे दिसले तर बघा. फोर्ट रॉस बघा. आणि येताना डोंगरावर थांबून वाइन चाखा. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीचा हा किनारा. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला गाडीने दोन-अडीच तास लागतात. आई-बाबा सांगलीहून आले होते म्हणून मी तीन दिवस काढून त्यांना इथे आणलं होतं.

आईला सील बघायचे होते. बाबांनी यादीतला 'फोर्ट' हा शब्द पकडला. सह्याद्रीतले किल्ले चढण्यात आयुष्यातले रविवार घालवलेला माणूस, त्यांना बाकीच्या यादीत रस नव्हता.

सील बघून जेनरहून हायवे एकने वर निघालो. डाव्या हाताला खाली समुद्र, उजवीकडे डोंगर, आणि मधे इतकी वळणं की वीसेक किलोमीटरला अर्धा तास जातो. मे महिना असूनही धुकं रस्त्यावर उतरलं होतं. फोर्ट रॉसला पोहोचलो तेव्हा गवताच्या सपाट कड्यावर एक लाकडी कुंपण दिसलं. रेडवुडच्या जाड फळ्या उभ्या रोवलेल्या, दोन कोपऱ्यांवर दोन टेहळणीचे बुरूज. एक सात बाजूंचा, एक आठ बाजूंचा.

"हा किल्ला?" बाबा म्हणाले. "अगं, हे तर कुंपण आहे."

त्यांचं बरोबर होतं. इथे कधी लढाई झाली नाही. तोफा होत्या, पण त्या कुणावर डागाव्या लागल्या नाहीत. ही एका कंपनीची वखार होती. मी स्वतः कंपनीतच नोकरी करते, त्यामुळे असेल कदाचित, पण तिचा हिशेब मला बुरुजांपेक्षा जास्त रंजक वाटला.

रशियन-अमेरिकन कंपनीला झार पावेलने १७९९ मध्ये सनद दिली. भागधारक, मक्तेदारी, आपला कारभार आपण पाहण्याची मुभा. ईस्ट इंडिया कंपनी माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. धंदा समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यांचा होता आणि मुख्य ठाणं अलास्कात. तिथे धान्य पिकेना, आणि ऊदमांजरं मारून संपत आली. म्हणून १८१२ मध्ये इवान कुस्कोव्ह पंचवीस रशियन आणि ऐंशी अलास्कावासी घेऊन इथे उतरला. शिकार ते अलास्कावासीच करत, कातड्याने मढवलेल्या हलक्या होड्यांतून, भाल्यांनी. समुद्रात उतरणारे ते, वही लिहिणारे रशियन. ठाण्याचं नाव रॉस, म्हणजे रशियाच.

जागा मात्र मोकळी नव्हती. कड्यावर कशाया पोमो लोकांचं मेतिनी नावाचं गाव होतं. जागेच्या बदल्यात त्यांना काय मिळालं त्याची एक यादी सांगितली जाते: तीन ब्लँकेटं, तीन विजारी, दोन कुऱ्हाडी, तीन कुदळी आणि थोडे मणी.

१८१७ मध्ये या व्यवहाराचा कागद झाला. स्पेन तक्रार करत होता की कॅलिफोर्निया आमचं आहे. तेव्हा कंपनीचा अधिकारी हागेमाइस्टर याने सप्टेंबरात कशाया प्रमुखांना ठाण्यात बोलावलं, त्यांचे आभार मानले, एका प्रमुखाच्या गळ्यात रुप्याचं पदक घातलं, आणि रशियन इथे आल्यामुळे हे लोक संतुष्ट आहेत असं लिहून घेतलं. सह्या रशियनांच्याच. कागद कशायांसाठी नव्हताच, तो माद्रिदला दाखवण्यासाठी होता.

मी हे वाचून दाखवत होते तेव्हा बाबा म्हणाले, "१८१७? त्याच जूनमध्ये बाजीरावाने पुण्याच्या तहावर सही केली." मग खडकीची लढाई नोव्हेंबरात, हे त्यांनी अर्थातच जोडलं. मी शाळेत हे सगळं पाठ केलं होतं, पण दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या आहेत हे कड्यावर उभं राहीपर्यंत कधी जाणवलं नव्हतं. दोन तहांची तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. पेशव्यांकडे फौज होती, खजिना होता, आणि त्यांची सही घ्यावी तरी लागली.

त्याच हागेमाइस्टरने त्याच सुमारास पेरूतल्या लिमाहून द्राक्षाच्या काड्या आणल्या. सोनोमा काउंटीतल्या द्राक्षाच्या पहिल्या लागवडींत तिची गणना होते. मोठ्या वायनरीच्या कहाणीत अगोस्तोन हाराश्थी आणि १८५७ सालची बुएना व्हिस्टा यांना मानाचं पान मिळतं, ते ठीकच आहे. पण तिच्या चाळीस वर्षं आधी रशियन लोक इथे काड्या रोवत होते.

गव्हाचं मात्र जमलं नाही. किनाऱ्यावरच्या धुक्याने पिकावर तांबेरा पडे, उरलेलं घुशीसारखे गोफर फस्त करत. कंपनीने जहाजंही बांधून पाहिली. ओकचं लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं, काही वर्षांतच कुजलं. मजा अशी, की ज्या धुक्याने गहू बुडवला तेच आज इथल्या वाइनचं भांडवल आहे. फोर्ट रॉस-सीव्ह्यू या द्राक्षपट्ट्याला २०१२ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि तिथले मळे बहुतेक ९२० फुटांच्या वर आहेत. म्हणजे धुक्याच्या वर ऊन आणि खालून येणारा गारवा. पिनो न्वारला हेच लागतं. रशियन शंभर-दीडशे फुटांवर, नेमके धुक्यात नांगरत होते.

पीक कापायला माणसं कमी पडत. सुरुवातीला कशाया मोबदल्यावर यायचे. पुढे आतल्या वस्त्यांतून लोकांना जबरदस्तीने धरून आणलं जाऊ लागलं. १८३३ मध्ये कंपनीचा अलास्कातला प्रमुख रँगेल पाहणीला आला. या लोकांना खायला नीट देत नाहीत, मजुरी नीट देत नाहीत, हे त्याने स्वतःच्याच वरिष्ठांना लिहिलं. कंपनीच्या कारभाराचा सगळ्यात कडक लेखाजोखा कंपनीच्याच माणसाने लिहिलाय, हे मला फार ओळखीचं वाटलं.

आणि तरी इथे एक गाव तयार झालं होतं. वेनियामिनोव्ह हा धर्मगुरू १८३६ मध्ये आला तेव्हा त्याने २६० माणसं मोजली: १२० रशियन, ५१ मिश्र कुळातले, ५० अलास्कावासी आणि बाप्तिस्मा घेतलेले ३९ स्थानिक. अलास्काच्या शिकाऱ्यांनी कशाया बायकांशी संसार थाटले होते. मिशनऱ्यांनी दक्षिणेकडे केलं तसं रशियनांनी कशायांना कोंडून त्यांचं सगळं बदलायचा प्रयत्न केला नाही, म्हणून त्यांची भाषा पुढे टिकली, असं म्हणतात. तिच्यात रशियन शब्द राहून गेले, आपल्याकडे पोर्तुगीजांचे पाव आणि चावी राहिले तसे. एका कशाया आठवणीत या गोऱ्या लोकांना समुद्राखालचे लोक म्हटलंय.

१८४१ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. ऊदमांजरं संपली होती, वह्या तोट्यात होत्या, आणि अलास्कासाठी धान्य हडसन बे कंपनीकडून मिळण्याचा करार झाला होता. शेवटचा व्यवस्थापक रोत्चेव्ह, कवी आणि अनुवादक. त्याने इमारती, गुरं, अवजारं, सगळं जॉन सटरला ३० हजार डॉलरच्या कबुलीवर विकलं. हा तोच सटर, ज्याच्या गिरणीपाशी सात वर्षांनी सोनं सापडलं. रोत्चेव्हचं घर ही इथली एकमेव मूळ इमारत. बाकी सगळं नव्याने बांधलेलं आहे. देवळाचा मधे तबेला झाला होता, ते १९०६ च्या भूकंपात कोसळलं, पुन्हा उभं केलं, १९७० मध्ये जळलं, पुन्हा उभं केलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर हायवे एक या कुंपणाच्या आतूनच जायचा.

ओहोळापलीकडच्या स्मशानात आई आमच्या आधी पोहोचली होती. सव्वाशेहून जास्त थडगी तिथे उत्खननात सापडली, बऱ्याच जणांसोबत काचेचे मणी पुरलेले. रशियन क्रॉस उभे आहेत, नावं नाहीत. आई चप्पल काढून थोडा वेळ थांबली, आणि आम्ही काही बोललो नाही.

परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "मग ते कशाया गेले कुठे?"

गेले नाहीत. कंपनी गेली, ते राहिले. पण १८७०च्या दशकात ही जमीन एका रँचमालकाकडे गेली तेव्हा त्यांना मेतिनी सोडावं लागलं. पुढे सरकारने त्यांना डोंगरापलीकडे, समुद्रापासून काही मैल आत, सुमारे चाळीस एकर दिले. ज्यांचं अन्न शिंपले, मासे आणि समुद्री शेवाळ होतं, त्यांना समुद्र गाठायला दुसऱ्याच्या जमिनीतून जावं लागे. २०१५ मध्ये एका जुन्या रँच-कुटुंबाकडून त्यांनी किनाऱ्याची ६८८ एकर जमीन परत घेतली. विकत घेतली. सरकारी आणि खासगी निधी मिळून सुमारे साठ लाख डॉलर लागले.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन विजारी आणि काय?"

मी यादी पुन्हा वाचली. त्यांनी खिशातली डायरी काढून तीत लिहून घेतली, आणि खाली तारीख टाकली. डोंगरावर वाइनसाठी थांबायचं आम्ही विसरलो.