हातपिशवीतला राउटर आणि १९३३ चा कायदा

१/ परदेशातून विमानाने मुंबईस उतरून हरिहरेश्वरला निघालेल्या पर्यटकाच्या हातपिशवीतील वाय-फाय राउटर सहसा कोणी अडवत नाही. विनापरवाना उपग्रह फोन सापडल्यास मात्र अटक होऊ शकते. दोन्ही यंत्रे बिनतारीच. मग हा भेद का?

२/ मूळ १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यात आहे. असे यंत्र वापरणे दूरच, ते विनापरवाना बाळगणे हाच त्याने गुन्हा ठरवला.

३/ १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता व सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवीत प्रक्षेपक घरोघर हलत असे. १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला.

४/ स्वातंत्र्य आले, कायदा टिकला. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि राउटर सुटला.

५/ उपग्रह फोन सुटला नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ‘कुबेर’ नौकेवर तसाच फोन सापडला होता. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला भरकटत आलेल्या नौकेत एके-४७ बंदुका मिळाल्या. घातपात नव्हता, तरी सारा किनारा हादरला. परक्या सत्तेने घातलेले बंधन स्वतंत्र देशाने का राखले, याचे उत्तर याच किनाऱ्यावर मिळते.