कॅसेटचे सोंग

मोटार आणि तिच्यातला बाजा यांचे वय सारख्या गतीने वाढत नाही. गाडी वीस वर्षे इमानाने धावते. गाणे ऐकण्याची तऱ्हा मात्र दहा वर्षांत जुनी होऊन बसते. या विजोड संसारात तडजोडी कशा झाल्या, त्याचा इतिहास मला लढायांच्या इतिहासाहून कमी रंजक वाटत नाही.

१९५५ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने गाडीत चक्क तबकडीचा फोनो बसवला. त्याला मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या खास तबकड्या लागत. घरच्या तबकड्या तेथे निरुपयोगी! हे खूळ फार टिकले नाही. पुढे १९६५ च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आठ ट्रॅकची जाडजूड फीतपेटी आली. पण त्याआधीच, १९६३ साली, हॉलंडच्या फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात खिशात मावणारी कॅसेट मांडली होती. अखेर तीच जिंकली, आणि गाडीच्या डॅशबोर्डाला तिच्या मापाची फट पडली.

१९७९ च्या वॉकमनने काही भांडण लावले नाही. त्यातली कॅसेट काढावी, गाडीत सारावी, की झाले! पंचाईत झाली ती १९८४ मध्ये, सोनीने बरोबर नेता येईल असा सीडी प्लेअर काढला तेव्हा. त्याचा आवाज गाडीच्या स्टिरिओत शिरावा कुठून? बहुतेक स्टिरिओंना बाहेरची पिन खोचायला जागाच नसे. होती ती एकच वाट, कॅसेटची.

ही वाट उपयोगात आणण्याची युक्ती लॅरी शॉट्झ या अमेरिकन संशोधकाची. स्टिरिओतले ‘हेड’ फीत पाहत नाही; फितीवरच्या चुंबकत्वाचा चढउतार तेवढा त्याला कळतो. मग फीत हवीच कशाला? कॅसेटच्या आकाराचा रिकामा डबा घ्यायचा, नेमक्या जागी दुसरे इवलेसे हेड बसवायचे आणि त्याची तार प्लेअरच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात खोचायची. गाण्याचा विद्युत्प्रवाह या हेडमध्ये चुंबकत्वाचे चढउतार उठवतो, आणि समोरचे हेड भाबडेपणाने ते फीत म्हणून वाचते. फीत अडकली असे समजून स्टिरिओने कॅसेट बाहेर फेकू नये, म्हणून आत दातेरी चाके उगाच फिरत राहतात. सोंग आणायचे तर ते असे!

माझ्या जुन्या गाडीत अशी तार गिअरच्या दांड्याला वेटोळे घालून असे. प्लेअरचा आवाज बराच चढवावा आणि गाडीचा बेताचा ठेवावा, म्हणजे खरखर कमी होते, हे अनुभवाने कळले.

२००१ मध्ये आयपॉड आला, तेव्हा कॅसेटचा जमाना ओसरत होता; पण नव्या पाहुण्याला जुन्या गाडीत जागा मिळाली ती या सोंगाड्यामुळेच. दुसरा उपाय होता चिमुकल्या एफएम प्रक्षेपकाचा. गाणे हवेत सोडायचे आणि गाडीच्या रेडिओने ते झेलायचे. ब्रिटनमध्ये मात्र डिसेंबर २००६ पर्यंत हा गुन्हा होता! शिवाय शहरात एखादे बलवान केंद्र मध्येच घुसून आपल्या गाण्याची वाट लावी. माझे मत विचाराल तर तारेचीच बाजू मी घेईन.

२०१६ मध्ये आयफोनने ते ३.५ मिलिमीटरचे भोकच बुजवले. तरी कॅसेटचा डबा हटला नाही. आता त्याच्या पोटात ब्लूटूथ आणि बॅटरी आली, तार गेली. आवाज स्टिरिओत शिरतो तो मात्र अजूनही त्याच चिमुकल्या हेडमधून.