मुळ्याचं महापरिनिर्वाण

२०१५ च्या पावसाळ्यानंतर मला कामासाठी नऊ महिने टोकियोला पाठवलं. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईंच्या बॅगेला एक फूल लटकलेलं असायचं. बारा पाकळ्या, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि मधोमध तोंड फाडून हसणारा चेहरा. बाई पन्नाशीच्या, अत्यंत गंभीर, टेस्ट केसमध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवणाऱ्या. त्यांच्या बॅगेला हे असलं काहीतरी बघून मला गंमत वाटायची. जरा ओळख झाल्यावर एकदा विचारलंच, हे कुठल्या कार्टूनमधलं?

"कार्टून नाही. ताकाशी मुराकामी. चित्रकार आहेत. निहोंगात डॉक्टरेट केली आहे त्यांनी."

हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की पुढचा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. घरी जाऊन शोधाशोध केली, आणि तेव्हापासून हा विषय काही सुटला नाही. तर आजचा शनिवार त्यासाठी.

आधी निहोंगा म्हणजे काय ते बघू. शब्दाचा अर्थ साधा, 'जपानी चित्र'. पण जपानमधली चित्रं जपानीच असणार, मग वेगळं नाव कशाला? आपल्याकडे बाजारात डालडा आला आणि मग तुपाला 'साजूक' म्हणायची वेळ आली, तसंच हे. १८६८ नंतर मेजी काळात युरोपची तैलचित्रं जपानमध्ये धडाधड यायला लागली आणि घरच्या चित्रकलेला नाव द्यावं लागलं. ते रुजवण्यात एका अमेरिकन माणसाचा मोठा हात आहे. अर्नेस्ट फेनोलोसा, हार्वर्डला शिकलेला, १८७८ मध्ये टोकियो विद्यापीठात शिकवायला आलेला. १८८२ मध्ये भाषण देऊन त्याने जपानी लोकांनाच सांगितलं की तुमची कला तैलचित्रांपेक्षा श्रेष्ठ आहे, ती टाकू नका. त्याचा विद्यार्थी आणि सहकारी ओकाकुरा काकुझो. या दोघांच्या खटपटीतून टोकियोची सरकारी कलाशाळा १८८७ मध्ये स्थापन झाली, आणि सुरुवातीची काही वर्षं तिथे तैलरंगांना प्रवेशच नव्हता.

चांगलंच केलं म्हणायचं, नाहीतर बरंच काही हरवलं असतं. पण परंपरा 'वाचवायची' म्हटली की कोणीतरी बसून यादी करतो. काय घ्यायचं, काय गाळायचं. जगापुढे मिरवायची चित्रकला म्हणजे सभ्य, उदात्त, संयमी हवी. त्या यादीत भुतं, मांजरी, वेडेवाकडे चेहरे आणि भडक रंग कुठे बसणार?

थोडं विषयांतर. याच ओकाकुरांच्या वर्तुळातला अराई काम्पो नावाचा चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या बोलावण्यावरून कलकत्त्याला आला आणि १९१७-१८ च्या सुमारास आपल्या अजिंठ्याला राहून त्याने तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या जपानला गेल्या आणि १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. पुढे म्हातारपणी तो होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता, ज्यांची तुलना नेहमी अजिंठ्याशी होते. १९४५ मध्ये तो गेला आणि १९४९ मध्ये ती मूळ भित्तिचित्रंच आगीत होरपळली. एका ठिकाणी नकला गेल्या, दुसरीकडे अस्सल गेलं. काय नशीब असतं एकेकाचं! असो.

निहोंगाचे रंग हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे रंग म्हणजे कुटलेले दगड. निळ्यासाठी अ‍ॅझुराइट, हिरव्यासाठी मॅलाकाइट. पांढरा शिंपल्यांच्या भुकटीचा. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसात कालवायचे. आणि गंमत अशी की एकाच दगडाची पूड जाडी ठेवली तर गडद रंग आणि बारीक केली तर फिका. त्यामुळे दुकानात रंगाच्या बाटलीवर नावापुढे आकडा असतो, तो कणांच्या आकाराचा. मी एकदा अशा दुकानात शिरलो होतो. भिंतभर बाटल्या, नुसत्या निळ्याच्याच कितीतरी. किंमती बघून हळूच बाहेर पडलो.

तर मुराकामी. जन्म १९६२ चा, टोकियोचाच. ऐंशीच्या दशकात ओकाकुरांच्या त्या शाळेच्याच वारस विद्यापीठात तो हे दगडाचे रंग आणि सरस शिकला, १९९३ मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि त्याच वर्षी त्याने मोठ्या कानांचं 'डॉब' नावाचं पात्र काढायला सुरुवात केली. एका कानात इंग्रजी डी, दुसऱ्यात बी आणि चेहराच ओ. मास्तरांना काय वाटलं असेल! मला सुरुवातीला हे सरळ बंड वाटलं होतं. दहा वर्षं रियाज करून गवयाने जिंगल्स गाव्यात तसं. पण या कथेत एक प्राध्यापक आहेत, आणि ते आल्यावर सगळा हिशोब बदलतो.

त्सुजी नोबुओ, कला-इतिहासकार, जन्म १९३२. त्यांनी १९७० मध्ये एक पुस्तक काढलं, 'विक्षिप्तांची वंशावळ' म्हणू या त्याला. एदो काळातले सहा चित्रकार निवडले: माताबेई, सानसेत्सु, जाकुचू, शोहाकु, रोसेत्सु आणि कुनियोशी. त्या सभ्य यादीत हे एकतर कोपऱ्यात होते किंवा नव्हतेच. त्सुजींचं म्हणणं थोडक्यात असं, की हे चमत्कारिक लोक अपवाद वाटतात कारण आपण त्यांना तसं वाचलं. सलग लावून बघा, ती एक धाराच आहे.

त्यातला माझा माणूस जाकुचू (१७१६ ते १८००). क्योटोच्या निशिकी बाजारातल्या भाज्यांच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. आपल्या मार्केट यार्डातला अडत्याच की! वडील गेल्यावर गादीवर बसला खरा, पण जीव चित्रांत. चाळिशीला पोचल्यावर धंदा धाकट्या भावावर सोपवून मोकळा झाला. कोंबड्यांची चित्रं काढायला घरात कोंबड्या पाळल्या. सुमारे दहा वर्षं खपून रेशमावर तीस चित्रं केली, पक्षी, मासे, किडे, झाडं, आणि ती आईवडिलांच्या आणि भावाच्या नावाने शोकोकुजी मंदिराला दिली. १८८९ मध्ये मंदिराने ती राजघराण्याला दिली, बदल्यात दहा हजार येन मिळाले आणि मंदिर तगलं. आणि संन्यस्त वगैरे समजू नका हं त्याला. १७७० च्या दशकात निशिकी बाजार बंद पडायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ कुंचला ठेवून सरकारदरबारी खेटे घालत होता, आणि बाजार वाचला.

त्याच्या नावावर पडद्यांची एक जोडी आहे, तिच्यात पांढरा हत्ती आणि त्याच्याभोवती खरी-खोटी सगळी जनावरं. पूर्ण चित्र सेंटीमीटरभराच्या चौकोनांत भरलेलं, एकूण सुमारे ८६,००० चौकोन! पिक्सेल आर्ट, अठराव्या शतकात. ते त्याच्याच हातचं का यावर अभ्यासकांत वाद आहे. निशिजिनच्या विणकरांच्या आराखड्यांवरून ही कल्पना निघाली असावी असं एक मत. मला आठवले ते आईने भरतकामासाठी जपून ठेवलेले आलेखाचे कागद.

पण सगळ्यात भारी म्हणजे त्याचं भाज्यांचं चित्र. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात उजव्या कुशीवर पहुडलेले बुद्ध तुम्ही पाहिले असतील, महापरिनिर्वाणाचे, खाली शोक करणारे शिष्य. जपानमध्येही हा प्रसंग शेकडो वेळा रंगवलेला आहे. जाकुचूच्या चित्रात मधे उपड्या टोपलीवर एक मोठा मुळा आडवा झालाय, आणि भोवती सलगम, वांगी, अळंबी, फळं दुःखात बसली आहेत. सालवृक्षांच्या जागी मक्याची ताटं. नुसती शाई, रंग नाही.

पहिल्यांदा बघून मी हसलो. मग वाटलं, ही टिंगल आहे का? तर नाही, जाकुचू श्रद्धाळू होता, झेन भिक्षूंच्या सहवासातला. जपानी बौद्ध विचारात गवत-झाडंसुद्धा बुद्धत्वाला पोचतात. भाजीवाल्याच्या मुलाने आपल्या दुकानातल्या मालातून निर्वाण रंगवलं, बास. हे चित्र घरातल्या कोणाच्या तरी मृत्यूनंतरचं असावं असंही म्हणतात. ते कळल्यावर तो मुळा पुन्हा बघा.

कुनियोशीची तऱ्हा वेगळी. १८४२ मध्ये तेम्पो सुधारणांच्या नावाखाली सरकारने नटांच्या आणि गणिकांच्या छापील चित्रांवर बंदी घातली. चित्रकारांची रोजीरोटीच ती. याने काय करावं? नटांचे चेहरे मांजरींना, माशांना आणि कासवांना लावले. पुढे एक चित्र असं केलं की जणू कोणी पोराने भिंतीवर खिळ्याने रेघोट्या मारल्यात. नट नाहीत हो, भिंत आहे! गिऱ्हाईकांना बरोबर कळायचं कोण कोण आहे ते. या माणसाचा पोरकटपणा पोट भरायची युक्ती होती.

आता मुराकामीकडे परत. २००० साली त्याने 'सुपरफ्लॅट' नावाचं प्रदर्शन आणि पुस्तक काढलं, आणि त्याचा पाया त्सुजींचं पुस्तक होतं. सानसेत्सुच्या वाकड्यातिकड्या आलुबुखाराच्या झाडावरून नजर जशी फिरते तशीच ती अ‍ॅनिमेशनमधल्या स्फोटाच्या दृश्यांवर फिरते, खोली नाही, सगळं पृष्ठभागावर, असा त्याचा दावा. मला तो थोडा ओढूनताणून वाटतो. अडीचशे-तीनशे वर्षांवरून सरळ पूल टाकला की मधलं पाणी दिसत नाही. पण डोळ्यांना पटतो, हे कबूल.

पुढे २००९ ते २०११ मध्ये एका कला मासिकात त्या दोघांची जुगलबंदी चालली. त्सुजींनी एखाद्या जुन्या चित्राबद्दल लिहायचं, मुराकामीने त्याला उत्तर म्हणून चित्र काढायचं. मुराकामीचा स्टुडिओ म्हणजे कारखाना, ढिगाने सहायक. त्सुजी म्हणाले, एकदा स्वतःच्या हाताने का काढत नाहीस? हा चिडला आणि शोहाकुच्या ड्रॅगनला उत्तर म्हणून अठरा मीटर लांबीचा लाल ड्रॅगन स्वतः काढला. आणि हा सगळा टोमणा त्या चित्राच्या नावातच घातला! पंचाहत्तरी उलटलेले सर आणि पन्नाशीला टेकलेला विद्यार्थी.

मग ११ मार्च २०११. भूकंप, त्सुनामी, फुकुशिमा. त्या दिवसांत टोकियोत एका जुन्या चित्रमालिकेचं प्रदर्शन उघडायचं होतं, ते लांबून एप्रिलअखेर उघडलं. कानो काझुनोबुचे पाचशे अर्हत, शंभर गुंडाळ्या, झोजोजी मंदिराच्या मालकीच्या. काझुनोबुने १८५४ मध्ये काम धरलं, दुसऱ्याच वर्षी एदोला मोठा भूकंप झाला. १८६३ मध्ये तो गेला तेव्हा ९६ झाली होती, उरलेल्या त्याच्या बायकोने आणि शिष्यांनी पुऱ्या केल्या.

मुराकामीने तो धागा उचलला. तीन मीटर उंच आणि एकूण शंभर मीटर लांब चित्र, दोनशेच्या वर विद्यार्थी-सहायक हाताशी घेऊन. ते २०१२ मध्ये दोहाला पहिल्यांदा दिसलं, कारण भूकंपानंतर कतारने लगेच मदत केली होती त्याची ही परतफेड. टोकियोला आलं २०१५ च्या ऑक्टोबरअखेर, रोप्पोंगीच्या मोरी टॉवरमध्ये, त्रेपन्नाव्या मजल्यावर. मी नोव्हेंबरातल्या एका रविवारी गेलो. एकटाच.

काय सांगू. त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर डोकं बधिर होतं. जांभळे, हिरवे, पोपटी म्हातारे. लोंबते कान, लांबलचक भुवया, कोणाचे सुळे बाहेर. प्रत्येकाचं वस्त्र वेगळ्या नक्षीचं. हास्यास्पद आहेत आणि भीतीदायकही. माझ्या शेजारी एक आजोबा बराच वेळ एकाच अर्हतापुढे उभे होते, नंतर त्यांनी हात जोडले आणि पुढे सरकले. कार्टूनपुढे हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. पलीकडच्या दालनात कामाचे कागद मांडले होते, पाळ्यांची वेळापत्रकं आणि सहायकांना दिलेल्या सूचना, त्यात चांगलीच झाडाझडती. रिलीजच्या आदल्या रात्रीच्या आमच्या मेलसारखीच!

आता आक्षेप. जपानमध्येच त्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. परदेशी श्रीमंतांना जपान विकतो, पर्सवाल्या कंपनीसाठी रंगीत नक्षी करतो (ते २००३ मध्ये), दुसऱ्यांकडून रंगवून घेतो. पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे. हसऱ्या फुलांची वीस चित्रं सलग बघितली की मलाही कंटाळा येतो. पण तिसरा मुद्दा पोकळ आहे. शोगुनांच्या राजवाड्यांचे पडदे रंगवणारं कानो घराणं काही शतकं कारखान्यासारखंच चाललं, आणि काझुनोबु त्याच परंपरेत शिकलेला.

शिवाय तो एकटा नाही. यामागुची अकिरा (जन्म १९६९) तैलचित्रकलेचा विद्यार्थी, पण काढतो सोनेरी ढगांमधून वरून पाहिलेली शहरं, जुन्या गुंडाळ्यांसारखी, आणि त्यात सामुराई ज्या घोड्यावर बसलाय त्याला चाकं आहेत. मला तो मुराकामीपेक्षा जास्त आवडतो, कारण स्वतःच गालात हसतो आणि आपल्याला शोधायला लावतो. बघा म्हणजे, निहोंगावाला अ‍ॅक्रिलिककडे गेला आणि तैलरंगवाला जुन्या गुंडाळ्यांकडे.

पुढच्या वर्षी, २०१६ च्या मे महिन्यात, जाकुचूच्या तीनशेव्या जन्मवर्षाचं प्रदर्शन उएनोला होतं. ती तीसही चित्रं एकत्र. ३१ दिवसांत साडेचार लाखांच्या आसपास लोक आले. मी पोचलो तेव्हा रांग बागेतून कुठपर्यंत गेली होती ते दिसतच नव्हतं. शाळेचा गणवेश घातलेल्या मुली, छत्र्या उघडलेल्या आज्या, घडीच्या खुर्च्या आणलेले शहाणे लोक. तीन तास उभा राहिलो. मग फोन वाजला, प्रॉडक्शनला काहीतरी पडलं होतं. रांगेतून बाहेर पडताना मागच्या बाईंनी माझी जागा धरून ठेवू का विचारलं. मी नको म्हटलं आणि स्टेशनकडे पळालो.

सोमवारी शेजारच्या बाईंना हे सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून प्रदर्शनाचा जाडजूड कॅटलॉग काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. त्या पहिल्याच आठवड्यात जाऊन आल्या होत्या.