संख्या आणि प्रमाण

नोव्हेंबर १९९६ मध्ये रोम येथील जागतिक अन्न परिषदेत राष्ट्रांनी प्रतिज्ञा केली : २०१५ पर्यंत भुकेल्यांची संख्या निम्म्यावर आणू. सप्टेंबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या सहस्रक परिषदेत मात्र ‘संख्ये’च्या जागी ‘प्रमाण’ हा शब्द आला. लोकसंख्या वाढत असता प्रमाण घटविणे तुलनेने सुकर असते. २०१५ च्या अहवालानुसार, १९९०-९२ पासून विकसनशील प्रदेशांतील भुकेल्यांचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १२.९ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आले. संख्या मात्र सुमारे ९९ कोटींवरून ७८ कोटींपर्यंतच उतरली. भुकेला माणूस टक्केवारीत जगत नाही. तो एकेकटाच उपाशी निजतो. त्याच वर्षी राष्ट्रांनी २०३० साठी शून्य भुकेचे ध्येय स्वीकारले. शून्य मात्र संख्येतही शून्यच आणि प्रमाणातही शून्यच; तेथे शब्दांना पळवाट नाही.